शेवटची खेप हाताची

कळव्यातल्या औषधवाल्याची बरीच वर्षं अशी समजूत होती, की माझ्या छापखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. ते अधूनमधून दुकानात जात आणि सलाइनची नळी मागत. फक्त नळी. बाटली नको, सुई नको. एकदा मी बरोबर होते तेव्हा औषधवाल्याने हलक्या आवाजात विचारलं, "पेशंट कसे आहेत आता?"

"बरे आहेत," ते म्हणाले, "पण हल्ली जरा जास्त गळतं."

औषधवाल्याने खेदाने मान हलवली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खरं का नाही सांगत त्याला?"

"सांगायचं काय, बाई? मशीनला ब्रश बांधलाय आणि ब्रशला सलाइन लावलंय? त्याचं गिऱ्हाईक खोळंबेल."

पण खरं तेच होतं. शीळफाट्याकडे एक नंबरप्लेटचं दुकान बंद होत होतं. गाड्यांच्या मागे देवांची नावं आणि वाघांचे चेहरे चिकटवतात ना, ते रेडियम कापायचं मशीन त्यांनी तिथून जुनं उचललं. घरी आणून पहिलं काम काय केलं, तर त्यातलं पातं काढून टाकलं. पात्याच्या जागी ब्रश बसवला. खिडकीच्या गजाला शाईची बाटली उलटी टांगली आणि बाटलीपासून ब्रशपर्यंत सलाइनची नळी आणली. नळीवरचं ते बारीक चाक फिरवून थेंब कमीजास्त करता येत. इस्पितळात नर्स ज्या नजरेने नळीकडे बघते, त्याच नजरेने ते मशीनपाशी उभे राहून थेंब बघत. खोलीत शाईचा, ओल्या कागदाचा आणि खाडीचा असा मिळून एक वास असे. खाडीचा वास बाहेरून येई, आणि आतूनही. कारण करड्या रंगासाठी ते खाडीतला चिखलच आणत आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, जुन्या ओढणीतून गाळून घेत.

"लोक खाडीतनं म्हावरा आनतान," वहिनी मला सांगत, "आमचे ह्ये चिखल आनतान."

"तुझ्या सासऱ्याने आयुष्यभर म्हावरा आणला," ते आतून ओरडत. "चिखल तसाच राहिला होता. कोणीतरी आणायला नको?"

मला त्यांच्याबद्दल लिहा असं कोणी सांगितलेलं नाही. त्यांची चित्रं कशाची होती हे सांगणं तर माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यांत घर नसे, झाड नसे, माणूस नसे. रेघा असत, डाग असत, एकावर एक आलेले थर असत. मी मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. त्यांची आणि माझी ओळख त्याच छापखान्यातली, वागळे इस्टेटमधली. मी वरच्या मजल्यावर प्रुफं वाचत असे, ते खाली मशीनवर.

खाली त्यांचं काम एकच होतं. रंगीत छपाईत चार रंग एकावर एक छापले जातात आणि ते केसभरही इकडेतिकडे जाता कामा नयेत. लाल जरा सरकला, की बाईचे ओठ गालावर जातात. यंत्रातून कागद बाहेर आला, की त्यावर भिंग ठेवून ते वाकून बघत. ठीक असलं तर काही बोलत नसत. नसलं तर एकच शब्द: "सरकलंय." मग सगळं थांबे. मालकसुद्धा त्या शब्दापुढे काही बोलत नसे.

हे भिंग त्यांच्या खिशात कायम असे आणि ते कशावरही ठेवण्याची त्यांना सवय होती. डब्यातल्या चपातीवर, लग्नपत्रिकेवर, एकदा तर नव्या मॅनेजरने हात पुढे केला तेव्हा त्याच्या नखावर. त्या मॅनेजरबद्दल त्यांचं मत पहिल्याच आठवड्यात झालं होतं. "चेहरा एकीकडे, हसू दुसरीकडे," ते म्हणाले. "रजिस्टर आउट." रंग एकमेकांवर बसले नाहीत, की छापखान्यात असं म्हणत. पुढे तो माणूस खरोखरच वाईट निघाला असं नाही. चांगला होता. पण हसायचा तसंच.

छापखान्यात एक वेस्टेज नावाचा प्रकार असतो. नवं काम मशीनवर चढवताना शाई आणि रंग जुळेपर्यंत कोरे कागद वाया घालवणं परवडत नाही. म्हणून आधीचेच वाया गेलेले कागद पुन्हा पुन्हा मशीनमधून काढतात. त्यामुळे एकाच कागदावर बँकेचं पत्रक, त्यावर बिस्किटाचा पुडा, त्यावर कोणाची तरी मुंज, त्यावर निवडणुकीतला उमेदवार असं सगळं साचत जातं. शेवटी कशाचंच काही उरत नाही, नुसता रंग उरतो. असे कागद रद्दीत जात. ते त्यातले काही गुंडाळून घरी नेत. मी एकदा विचारलं, यात काय दिसतं तुम्हाला.

"काही दिसत नाही, म्हणून तर बघतो," ते म्हणाले. "दिवसभर दिसणाऱ्या गोष्टीच बघायच्या असतात ना, बाई."

छापखाना बंद झाल्यावर त्यांनी जे केलं त्याची सुरुवात या कागदांत होती, हे मला फार उशिरा लक्षात आलं. इतकी वर्षं पगार घेऊन जी गोष्ट होऊ दिली नाही, ती आता ते मुद्दाम होऊ देत होते.

त्यांची पद्धत अशी. आधी मुलीने दिलेल्या टॅबवर, काचेवर लिहायच्या पेनाने रेघा काढायच्या. त्या मशीनला पाठवायच्या. मशीन ब्रशने त्या कागदावर काढी. ही मशीनची खेप. मग तो कागद बाथरूममधल्या टबात भिजवायचा, त्यावर चिखल चोळायचा, वडिलांच्या फाटक्या जाळ्याचा तुकडा दाबायचा, खरवडायचं, पुसायचं, वाळवायचं. ही हाताची खेप. मग कागदाचा फोटो काढून टॅबवर घ्यायचा, त्यावर नव्या रेघा काढायच्या, आणि पुन्हा मशीन. भिजून वाळलेला कागद पहिल्या मापाचा राहत नाही. त्यामुळे मशीनने कितीही अचूक काढलं तरी दुसऱ्या खेपेची रेघ पहिलीवर बसत नसे, शेजारी पडे. त्या दोन रेघांमधल्या फटीवर ते भिंग ठेवत आणि म्हणत, "सरकलंय." त्याच शब्दात, पण आता खुशीत.

नियम दोनच होते. शेवटची खेप हाताची. आणि ती झाली, की टॅबवरची फाइल पुसायची. फाइल पुसल्याशिवाय चित्र घराबाहेर जायचं नाही.

या दुसऱ्या नियमापायी घोडबंदर रोडवरच्या एका इंटीरियरवाल्याशी त्यांचं वाजलं. तो तरुण, चटपटीत, वाईट मुळीच नव्हता. त्याला एका नव्या टॉवरच्या लॉबींसाठी चित्रं हवी होती.

"काका, पाच पाहिजेत. सेम टू सेम."

"सेम का?"

"पाच विंग आहेत ना."

"मग पाचही विंगमध्ये माणसं सेम राहणार आहेत?"

"काका, बिल्डरला सेम पाहिजे. मी काय करू?"

त्यांनी हो म्हटलं. खरंच पाच केली, एकाच फाइलवरून. तो न्यायला आला तेव्हा मी तिथेच होते. पाचही चित्रं जमिनीवर मांडलेली होती आणि तो त्यांच्यामधून पाय उचलून उचलून फिरत होता.

"काका, ह्याच्यात ही लाइन इथे आहे. त्याच्यात तिकडे गेलीय."

"हा पंख्याखाली वाळला. तो खिडकीत. दमट हवा खाल्ली त्याने."

"अरे यार... बरं, एक काम करा. फाइल द्या मला. मी प्रिंट मारून घेतो."

"फाइल पुसली."

"पुसली? बॅकअप तर असेल."

"बॅकअप कशाला? मी आहे ना."

तो बघतच राहिला. शेवटी त्याने एक नेलं, बाकीची चार घरात राहिली. वहिनींनी ती ओटीवर ओळीने लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "चारी येकच हायेत, पन जुलत नाय. आमच्या दिरांसारखी." त्यांना चित्रांतलं काही कळत नाही असं त्या स्वतः म्हणत. "मना काय कलतंय त्यातला." पण कोणतं चित्र आधीचं आणि कोणतं नंतरचं हे त्या वास घेऊन सांगत, आणि चुकत नसत.

टॅब नवा होता तेव्हाची गोष्ट राहिली. मुलगी लग्न होऊन शहाडला गेली, तिच्या पहिल्या दिवाळीला तिने तो बाबांना आणून दिला. त्यांनी पहिल्या दिवशी एक रेघ काढली आणि पेन खाली ठेवला. पुन्हा काढली, पुन्हा ठेवला. मग तिला फोन केला.

"ही रेघ मी काढलेली नाही."

"बाबा, तुम्हीच काढताय ना? तुमच्याच हातात आहे."

"मी काढली त्यापेक्षा बरी आलीय."

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या चित्रं काढायच्या अ‍ॅपमध्ये एक सोय असते. काढणाऱ्याचा हात जरा हलला, तर रेघ आपोआप गुळगुळीत करून मिळते. मुलीने फोनवरून सांगत सांगत ती बंद करायला लावली. त्यानंतर हा विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

हात हलायला लागला तो पुढे काही वर्षांनी. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग सगळा पंजा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. औषधवाल्याकडे आता त्यांच्यासाठीच चिठ्ठी जाऊ लागली तेव्हा तो गोंधळला. चहाचा कप ओठांपर्यंत जाईतो निम्मा बशीत सांडे. वहिनी काही न बोलता समोर बसत आणि कपाखाली आपला तळवा धरत. "धरलाय मी, घ्या," एवढंच म्हणत. ते घेत. त्या दोघांमध्ये याबद्दल दुसरं काही बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

चित्र मात्र थांबलं नाही. उलट मुलगी मला म्हणाली, "मावशी, बरंय ना बाबांकडे मशीन आहे ते. मशीनचा हात हलत नाही." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

त्या सुमाराची दोन चित्रं फार सुंदर होती. लांब, शांत, ओढ्यासारख्या रेघा. वहिनींना आवडली, मला आवडली, मुलगी तर डोळे पुसत होती. ते स्वतः मात्र त्या चित्रांवर भिंग ठेवून फार वेळ बसत आणि काही बोलत नसत. त्यांचं न बोलणं म्हणजे ठीक आहे, अशी छापखान्यापासूनची माझी सवय. म्हणून मी विचारलं नाही.

पुढच्या खेपेला मी डोंबिवलीहून गेले तेव्हा वहिनी बाजारात गेल्या होत्या. त्यांनी मला टॅबसमोर बसवलं.

"बाई, यात ते गुळगुळीत करायचं बटण कुठे असतं, ते शोधा. माझं बोट तिथे नीट टेकत नाही."

"ते तर तुम्ही बंद केलं होतंत."

"मी केलं होतं. पोरीने चालू केलं. गुपचूप." ते हसले. "तुम्ही वर बसून लोकांची वाक्यं सुधारायचात ना, तसं हे माझं करतंय. पण तुम्ही निदान समासात खूण करायचात. इथे खूणच नाही."

मी म्हटलं, "तिने प्रेमानेच केलं असेल."

"मग? मी कुठे म्हणतो रागाने केलं? म्हणून तर तिला बोललो नाही." त्यांनी टॅब माझ्याकडे सरकवला. "हात हलतोय तो माझाच आहे, बाई. तो गेला तर मग चित्र कोणाचं?"

मी ते बटण शोधून बंद केलं. त्या दोन चित्रांचं काय करायचं असं विचारलं तेव्हा त्यांनी ती उलटी करून दाखवली. मागे त्यांनी पेन्सिलने, वाकड्यातिकड्या अक्षरात, मुलीचं नाव घातलं होतं. "तिची आहेत ती. चांगली काढलीयत तिने."

त्यानंतर त्यांनी एकच चित्र हाती घेतलं. मशीन, हात, मशीन, हात असं ते पुष्कळ दिवस चाललं. त्यात रेघा थरथरत होत्या. पुढे जाऊ की नको असं करत जाणाऱ्या. टॅबवर शेवटच्या थराच्या रेघा काढून झाल्या, त्या मशीनला पाठवायच्या राहिल्या, आणि ते गेले. सकाळी, अंघोळीला पाणी काढलेलं असताना.

औषधवाल्याला बातमी कळली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पेशंट हेच होते?" मी हो म्हटलं. इतक्या वर्षांनी त्याला समजावत बसण्यात अर्थ नव्हता.

दिवसकार्य झाल्यावर काही आठवड्यांनी मुलीने मला बोलावलं. मशीनमध्ये कागद तसाच लावलेला होता, त्यावर कापड टाकलेलं. वहिनी मशीनकडे पाठ करून पालेभाजी निवडत होत्या.

"आई म्हणते पुरं कर," मुलगी म्हणाली. "मशीन तर करेलच. फाइल आहे. पण मावशी, बाबांचा नियम. शेवटची खेप हाताची. तो हात आता कुठून आणायचा?"

"तू कर."

"मी?" तिने मान हलवली. "मी एकदा केलंय." तिला ते माहीत होतं तर. चित्रांच्या मागचं नाव तिने पाहिलं असणार. "मी आता हात लावणार नाही. मशीनची खेप होऊ दे, मग चित्र तसंच ठेवू. अर्धं तर अर्धं. आणि फाइल पुसायची नाही. नियम असला तरी. त्यात बाबांचा हात आहे, जसाच्या तसा. मला पाहिजे तेव्हा मी बघेन. प्रत्येक वर्षी एक काढेन."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. त्या फाइलमध्ये त्यांचा हात होता, आणि तो आता जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. पण मला ओटीवरची ती चार चित्रं आठवत होती, आणि पाय उचलून त्यांच्यामधून फिरणारा तो मुलगा.

तिने शाईची बाटली टांगली. नळीचं चाक फिरवून बघितलं. तिला ते नीट जमत होतं. मग बटण दाबलं.

हे मशीन मी कितीदा तरी चालताना पाहिलं होतं. त्याची चाल घसरगुंडीसारखी असे, न अडखळणारी. त्या दिवशी ब्रश कागदावर टेकला आणि सगळं मशीन थरथरायला लागलं. ब्रशचं डोकं बारीक बारीक झटके खात आडवं सरकत होतं, रुळांवरचा कागद तसाच मागेपुढे हिसके देत होता. थोडं थांबायचं, मग अंगठ्यापासून सुरू झाल्यासारखं पुन्हा. तो आवाजही वेगळा होता, बशीत कप वाजतो तसा. मुलीने तोंडावर हात ठेवला.

तो आवाज ऐकून वहिनींनी मागे वळून बघितलं. भाजी तशीच मांडीवरून खाली ठेवून त्या उठल्या, ओले हात पदराला पुसत मशीनपाशी आल्या आणि सरकणाऱ्या डोक्याखाली त्यांनी तळवा धरला.

"धरलाय मी," त्या म्हणाल्या.

"आई, हात काढ! सरकेल!" मुलगी ओरडली.

वहिनींनी हात काढला नाही. डोकं त्यांच्या हातात अडखळलं, जरा जोर लावून पुढे गेलं, पुन्हा थरथरलं. त्या त्याच्याबरोबर हात नेत राहिल्या, कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, शेवटची रेघ संपून ब्रश वर उचलला जाईपर्यंत. मग मशीन थांबलं. त्यांच्या तळव्याला शाई लागली होती आणि तिचा एक ठसा खाली कागदावर उमटला होता.

"झाला?" त्यांनी विचारलं.

मुलीने माझ्याकडे बघितलं. त्यांचं भिंग तेव्हा माझ्यापाशी होतं. दिवसकार्याच्या दिवशी वहिनींनीच ते मला दिलं होतं. मी कागदावर वाकले. थरथरणारी रेघ येत होती, येत होती, आणि वहिनींचा हात जिथे लागला तिथून ती शेजारी पडली होती. तिथून पुढे शेवटपर्यंत ती तशीच, आपल्या जागेपासून केसभर दूर, गेली होती.

"सरकलंय," मी म्हटलं.

मुलीने त्या ठशाकडे बघितलं. मग तिने टॅब उचलला आणि फाइल पुसून टाकली.